अडलेली धार

लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर माझ्या बायकोला कळलं, की आपल्या नवऱ्याला नीट लघवी होत नाही. तेही मी सांगितलं नव्हतं. बुलढाण्याच्या दवाखान्यात मी खाटेवर पडलो होतो. बेंबीखाली भोक पाडून नळी बसवलेली होती आणि खाटेच्या दांडीला लटकवलेल्या पिशवीत रक्ताळलेली लघवी साचत होती. ते पाहून तिला कळलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. घर चिखलीत, शाळा अमडापूरच्या पुढे थोडी आत. चौथीचा वर्ग माझ्याकडे असतो. हा त्रास नेमका कधी सुरू झाला ते मला सांगता येत नाही. आधी धार बारीक झाली. मग तिला दोन फाटे फुटले. मग ती सुरूच व्हायला वेळ लागू लागला. वाकायचं, पोटावर मूठ दाबून जोर करायचा, तेव्हा कुठे सुतासारखं काहीतरी यायचं. झालं म्हणून बाहेर यावं तर कपडे ओले, आणि दहा मिनिटांनी पुन्हा तीच भावना. मधल्या सुट्टीत बाकीचे शिक्षक मुतारीतून परत आले की मग मी जायचो, म्हणजे शेजारी कोणी उभं राहायला नको. शाळेची सहल निघायची म्हटली की मला हटकून ताप यायचा.

घरी संडास स्वयंपाकघराला लागून आहे. आत गेलो की मी नळ थोडा सोडून ठेवायचो. थांबत थांबत पडणारे थेंब बाहेर ऐकू जायला नकोत एवढ्यासाठी.

बायको एकदा म्हणाली, "काऊन एवढा वेळ लागते तुम्हाले? अर्धी टाकी खाली झाली."

"पोट साफ होत नाही," मी म्हणालो.

तेव्हापासून ती रोज जेवण झालं की ग्लासभर पाण्यात इसबगोल भिजवून मला द्यायची. अडीच वर्षं मी ते प्यालो. मला बद्धकोष्ठाचा त्रास कधीच नव्हता. ते बुळबुळीत पाणी घशाखाली उतरवताना ती समोर उभी असायची आणि "आता बरं वाटते का?" असं विचारायची. मी मान हलवायचो.

मधल्या काळात एका डॉक्टरांना दाखवलं होतं, ओळखीचं कोणी भेटणार नाही अशा दूरच्या गावी जाऊन. त्यांनी खुर्चीवरून न उठता सांगितलं, वयानुसार ग्रंथी वाढते, या गोळ्या घ्या. माझं वय तेव्हा चाळीस होतं. गोळ्या मी शाळेच्या कपाटात, जुन्या हजेरीपटांच्या मागे ठेवल्या. फरक पडला नाही. डॉक्टरकडे जाऊन आलो याचंच समाधान मानून मी आणखी वर्ष काढलं.

का सांगितलं नाही, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. वाटायचं, त्या जागेचा आजार म्हटला की लोक एकच अर्थ काढतात. वाटायचं, बायकोच्या मनात शंका येईल. आमच्यात त्या काळात जवळीकही उरली नव्हती. वीर्य बाहेर पडताना दुखायचं, म्हणून मी टाळायचो. त्याचा अर्थ ती काय लावत असेल, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. ती वेगळ्या खोलीत मुलीजवळ झोपू लागली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची आजही लाज वाटते.

मग निवडणूक आली. मला केंद्राध्यक्ष म्हणून रोहिणखेडला नेमणूक मिळाली. आदल्या दिवशी यंत्रं आणि कागदांच्या पेट्या घेऊन आम्ही पोचलो. गावातली जुनी मशीद लांबून दिसत होती. आमच्यातल्या एकाला ती जवळून पाहायची होती, मला आधी शाळेची मुतारी कुठे आहे ते पाहायचं होतं. दिवसभर मध्ये उठावं लागू नये म्हणून मी दुपारपासूनच पाणी पिणं बंद केलं होतं.

मतदानाच्या दिवशी पहाटे चार-सहा थेंब आले. सातला मतदान सुरू झालं. नऊ वाजता गेलो, काही नाही. दहाला गेलो, काही नाही. बाहेर बायकांची रांग शाळेच्या फाटकापर्यंत गेली होती. केंद्राध्यक्ष उठून पुन्हा पुन्हा बाहेर जातो म्हटल्यावर पक्षांचे प्रतिनिधी एकमेकांकडे पाहू लागले. मग मी बसूनच राहिलो. अकराच्या सुमाराला ओटीपोट दगडासारखं झालं. समोरचा मतदार काहीतरी विचारत होता आणि मला त्याचे ओठ हलताना दिसत होते, शब्द कळत नव्हते.

माझ्या हाताखाली एक ग्रामसेविका मतदान अधिकारी होत्या. त्या उठून जवळ आल्या. "सर, तुमचा चेहरा पांढराफटक पडला. काय होऊन राह्यलं?"

"ऊन लागलं."

"इथी सावलीत ऊन कुठून लागीन? खरं सांगा."

चाळिशीतला पुरुष मी, अनोळखी बाईसमोर खुर्चीच्या हाताला धरून उभा होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी म्हणालो, "मला कालपासून लघवी झाली नाही, ताई."

डॉक्टर सोडता आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य मी बोललो ते असं, मतदान केंद्रात, जिचं नावही मला धड पाठ नव्हतं अशा बाईजवळ. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. फोन लावला, क्षेत्रीय अधिकाऱ्यांना बोलावून घेतलं, माझा कार्यभार स्वतःकडे घेतला आणि मला जीपमध्ये बसवलं. मोताळ्याला नळी घालायचा प्रयत्न झाला. ती आत काही बोटं जाऊन अडायची. तीनदा झालं, रक्त आलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हात थांबवले आणि मला बुलढाण्याला पाठवलं. त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मी मोजला असता, पण शुद्धच नीट नव्हती. तिथे पोटातून सुई घालून वाट केली तेव्हा लघवीची चिळकांडी उडाली आणि मी मोठ्यानं ओरडलो. वेदनेनं नाही. वेदना संपल्यानं.

बायको चिखलीहून आली. पिशवीकडे पाहत बराच वेळ उभी राहिली.

"हे कधीपासून?"

"तीन-चार वर्षं."

"तीन-चार वर्षं," ती म्हणाली. "आन मी इसबगोल भिजवून राह्यली होती."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली आणि पिशवीवरच्या रेघा वाचत राहिली.

पुढे आम्हाला अकोल्याला एका मूत्रविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी खालून औषध सोडून एक्स-रे काढला. काळ्या फिल्मवर पांढरी वाट दिसत होती, बोटाएवढी रुंद, आणि मध्येच दीड सेंटीमीटरभर ती केसासारखी होऊन पुन्हा रुंद झाली होती. डॉक्टर पेन त्या ठिकाणी टेकवून म्हणाले, "ग्रंथी ठणठणीत आहे. त्रास इथे आहे. मूत्रमार्ग आवळलाय. कधी दोन पायांच्या मध्ये मार बसला होता का? सायकलच्या दांडीवर, कठड्यावर, असं काही?"

मी नाही म्हणालो. फाईल घेऊन दारापर्यंत गेलो आणि आठवलं.

मी अकरावी-बारावीला नांदुऱ्याला शिकत होतो. मामाकडे राहायचो. एकदा रेल्वेचं लोखंडी कुंपण ओलांडून फलाटावर जाताना पाय सटकला आणि मी त्या कुंपणाच्या आडव्या दांडीवर घोड्यावर बसावं तसा आपटलो. गाडी निघून गेली. मी तिथेच खाली बसून राहिलो. दोन दिवस लघवीतून रक्त गेलं. मामीला दिसू नये म्हणून कपडे स्वतः धुतले. तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं आणि मी ती गोष्ट विसरलो.

परत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "हेच ते. आतली जखम भरून येताना तिथे घट्ट व्रण तयार होतो. मग तो हळूहळू आवळत जातो. काहींना वीस-पंचवीस वर्षांनी कळतं. तेव्हा दाखवलं असतं तर—" आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं.

मग त्यांनी उपाय सांगितले. एक, उघडं ऑपरेशन, गालाच्या आतलं अस्तर काढून त्याचं ठिगळ तिथे लावायचं. दोन, दुर्बिणीतून आवळलेला भाग कापायचा. तीन, फुगा. बारीक तार पलीकडे न्यायची, तिच्यावरून न फुगवलेला फुगा त्या जागी न्यायचा आणि दाबानं पाणी भरून तो भाग आतून ताणून मोकळा करायचा. "तुमचा भाग छोटा आहे, पहिल्यांदाच आहे, म्हणून फुगा करून बघायला हरकत नाही," ते म्हणाले. "पण कायमचं बरं होईल असं मी म्हणणार नाही. काहींचं वर्षानुवर्षं टिकतं. काहींचं पुन्हा आवळतं. तसं वाटलं तर लगेच यायचं, लपवायचं नाही."

गालाच्या ठिगळाची मला भीती वाटली. मी फुगा निवडला.

लघवीत जंतुसंसर्ग होता, तो आटोक्यात येईपर्यंत आधी भरती व्हावं लागलं. दोन खाटांची खोली होती. दुसऱ्या खाटेवर सत्तरीचे एक गृहस्थ होते. नांदुऱ्याजवळच्या खेड्यातले, रेल्वेत गँगमन म्हणून आयुष्यभर रूळ तपासत चाललेले. अंगानं वाळलेले, पाय सुजलेले, आवाज मात्र खणखणीत. त्यांनाही माझाच आजार होता, पण चाळीस वर्षांचा. तो कशानं झाला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सोबत त्यांची मुलगी होती. बायको गेल्यापासून तिनंच त्यांना नांदुऱ्याला आपल्या घरी आणलं होतं. ती त्यांचं सगळं करायची. अंग पुसायची, पिशवी रिकामी करायची, भाकरी कुस्करून द्यायची. पण त्यांच्याकडे न बघता. कामाव्यतिरिक्त एक शब्द दोघांत होत नसे.

पहिल्या दिवशी माझ्या भावाचा फोन आला. मी "जयभीम" म्हणून बोलायला लागलो तसं म्हाताऱ्यानं माझ्याकडे मान वळवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी आपल्या डब्यातला ठेचा चमच्यानं माझ्या ताटात वाढला. "गुरुजी, दवाखान्याच्या वरणात काही दम नाई. हे खाऊन पाहा." त्या दिवसापासून आम्ही बोलू लागलो.

"तुमचा बी फुगाच हाय का?" त्यांनी विचारलं.

"हो. परवा."

"माहा तुमच्यानंतर हाय. माह्या टायमाले फुगा गिगा नोता बाप्पा. सलाई होती. लोखंडाची. आधी बारीक घालत, मंग जाडी, मंग त्याच्याहून जाडी. दर दोन-तीन महिन्याले. तीस वर्षं घालून घेतली. घरी सांगो, ड्युटीवर चाललो."

"घरी कुणालाच माहीत नव्हतं?"

"बायकोले माईत होतं. तिनं कोणाले सांगतलं नाई. तो डॉक्टर मेला, मंग म्या बी सोडून देलं. चालते तसं चालवलं."

माझ्या प्रक्रियेच्या आदल्या दुपारी त्यांची मुलगी औषधं आणायला खाली गेली होती. माझी बायको चिखलीला घरी, आमच्या मुलीजवळ गेलेली. खोलीत आम्ही दोघंच होतो. म्हातारा छताकडे पाहत म्हणाला, "गुरुजी, एक गोष्ट सांगतो. पोरीले नका सांगू."

मी हो म्हणालो.

"तिचं लगन होतं. मे महिना. सकाळपासून घरात पाव्हणेच पाव्हणे, जिकडं जा तिकडं माणूस. मले मोकळी जागाच भेटली नाई. पंगती उठल्या, अन् बिदाईच्या वक्ताले माही पार बंद पडली. पोट फाटून राह्यलं होतं. कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसलो. पोरगी हाका मारून राह्यली होती, बाबा कुठी गेले, बाबा कुठी गेले. मले सारं ऐकू येऊन राह्यलं होतं. उठता येत नोतं. थेंब थेंब चालू झालं होतं, उठलो असतो तं पुन्हा बंद पडलं असतं. तिची मोटार सुरू झाली ते बी ऐकलं."

त्यांनी अंगावरची चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

"लोकायनं म्हटलं, म्हातारा पिऊन पडला. म्या म्हटलं, म्हणत तं म्हणत. तिनं बी तेच मनात धरलं."

"तुम्ही तिला नंतर तरी सांगायचं."

"काय सांगू? तुह्या बिदाईच्या वक्ताले मी मुतून राह्यलो होतो, असं सांगू पोरीले?"

पुढे बोलायचा मला अधिकार नव्हता. तेवढ्यात मुलगी औषधांची पिशवी घेऊन आत आली. म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी मला आत नेलं. कमरेत इंजेक्शन दिल्यावर पाय माझे राहिले नाहीत. डोक्याजवळ पडदा होता आणि मान वळवली की तो दिसत होता. डॉक्टर हळू आवाजात सांगत होते, "तार गेली. आता फुगा नेतोय." पडद्यावर एक लांबट सावली दिसली. मग ती फुगू लागली. दोन्ही टोकं गोल झाली आणि मधोमध, दोरीनं बांधावं तसा करकोचा पडला. तो माझा व्रण होता. मी तो पहिल्यांदाच पाहत होतो. "दाब वाढवा," डॉक्टर म्हणाले. करकोचा तसाच राहिला. "अजून." मला काही दुखत नव्हतं, फक्त आत कुठेतरी कोणीतरी भिंतीला खांदा लावून ढकलतंय असं जाणवत होतं. मग एका क्षणी तो करकोचा सुटला आणि सावली सरळ झाली. त्यांनी फुगा काही मिनिटं तसाच भरलेला ठेवला. खोलीत यंत्राचा आवाज तेवढा येत होता. इतक्या वर्षांचं लपवणं, आणि काम एवढ्यात झालं. आनंद व्हायला हवा होता. मला ढसाढसा रडावंसं वाटलं, पण तोंडावर मास्क होता.

पोटातली नळी काढली आणि तीन दिवस खालून नळी ठेवली. ती काढल्यावर सिस्टरनं मला संडासात पाठवलं आणि बायको दाराशी उभी राहिली. धार आली. जाड, एकसंध, आवाज करणारी. मी नळ सोडला नव्हता. बाहेर आलो तर बायको खिडकीतून बाहेर पाहत होती. ती एवढंच म्हणाली, "ऐकू आलं."

म्हाताऱ्याचं तसं झालं नाही. तीस वर्षांच्या सलायांनी आत एका जागी नाही, अनेक जागी व्रण होते. तार पलीकडे जातच नव्हती. बऱ्याच प्रयत्नांनी गेली, फुग्यानं थोडी वाट झाली. पण डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन जे सांगितलं ते मला खाटेवरून ऐकू आलं. लघवी मागे साचून साचून दोन्ही किडन्या निकामी होत आल्या होत्या. हे पेशंट दहा वर्षांपूर्वी यायला पाहिजे होते.

ती खाटेजवळ आली आणि बापाला म्हणाली, "दहा वर्षं काय करून राह्यले होते तुम्ही? मले सांगता नोतं येत?"

म्हाताऱ्यानं भिंतीकडे तोंड केलं. मी दोन हातांच्या अंतरावर पडलो होतो. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी वर्तमानपत्र उघडलं.

घरी आल्यावर सहा-सात महिने चांगले गेले. तपासणीला गेलो की एका यंत्रात लघवी करावी लागे आणि ते कागदावर तिचा आलेख काढी. फुग्याच्या आधी तो आलेख जमिनीला चिकटून लांबच लांब गेलेला होता, आता टेकडीसारखा उंच होऊन खाली यायचा. डॉक्टर खूश होते. शाळेची सहल गेली तर मीही गेलो. घरी इसबगोलचा डबा दिसेनासा झाला. आमच्यातलं बोलणं मात्र काही वाढलं नाही. बायको वेगळ्या खोलीतच झोपायची. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "मले सवय झाली आता." तिच्या आवाजात राग नव्हता.

हिवाळ्यात नांदुऱ्याहून फोन आला. म्हातारा गेला होता. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी न्यायचे, शेवटी तेही अंगाला सोसेना. तेरवी होऊन गेली होती. मुलीनं सांगितलं, "तुमची याद काढत होते, म्हून फोन केला."

मी बुलढाणा, मोताळा करत नांदुऱ्याला गेलो. तिचं घर स्टेशनकडच्या वस्तीत होतं. बाहेरच्या खोलीत फोटो ठेवला होता, हार सुकला होता. तिनं चहा दिला. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग ती फोटोकडे पाहत म्हणाली, "म्या त्यायचं सारं केलं, गुरुजी. पण मनातून नाई केलं. खोटं कायले बोलू. माह्या बिदाईले बी ते आले नोते. पिऊन पडले होते. मी गाडीत बसली तरी मागं पाहून राह्यली होती."

मी कप खाली ठेवला. म्हाताऱ्याला दिलेला शब्द मला आठवत होता. तरी मी सांगितलं. कडब्याची गंजी, तिच्या हाका, मोटारीचा आवाज, सगळं त्यांनी सांगितलं तसं.

ती हलली नाही. मग विचारलं, "तुम्हाले कधी सांगतलं त्यायनं?"

"अकोल्याला. तुम्ही औषधं आणायला गेला होता."

"म्हंजे मी खाली लाइनीत उभी होती, तवा." तिनं पदरानं तोंड पुसलं. "चार दिवसाच्या माणसाले सांगतलं. मले नाई."

"त्यांना लाज वाटत होती."

"अन् तुम्हाले? तुम्ही बी तिथीच होते नं, मी त्यायले बोलली तवा? तवा काऊन नाई सांगतलं?" तिचा आवाज चढला नाही, त्यानं मला जास्त भीती वाटली. "तवा जिते होते ते. वीस-बावीस वर्षं म्या त्यायच्यासंग धड बोलली नाई. आता सांगून राह्यले मले. आता मी काय करू याचं?"

मी हात जोडले आणि उठलो. ती दारापर्यंत आली नाही.

नांदुऱ्याच्या बसस्थानकावर मी मुतारीत गेलो. ज्या गोष्टीकडे मी दोन महिने पाहायचं टाळत होतो ती तिथे पुन्हा झाली. धार सुरू व्हायला वेळ लागला, आणि आली ती बारीक होती. मागे एक माणूस खोळंबून उभा होता. तो म्हणाला, "आटपा नं, गाडी सुटून राह्यली." मी अर्धवट सोडून बाहेर आलो.

वाटलं होतं, घरी जाऊन लगेच बायकोला सांगेन. नाही सांगितलं. तिच्यासमोर जेवलो, नांदुऱ्याची हकिकत सांगितली, म्हातारा कसा गेला ते सांगितलं, मुलगी काय म्हणाली तेही सांगितलं. माझं सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती कणीक मळत होती तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणालो, "पुन्हा बारीक झाली आहे."

तिचे हात थांबले. "किती दिवस झाले?"

"दोन महिने."

"दोन महिने," ती म्हणाली. पुन्हा कणीक मळू लागली. गोळा झाकून ठेवताना म्हणाली, "तुम्हाले मी कोण वाटते, ते एकदा सांगून द्या. बाकी काही नका सांगू."

त्याच आठवड्यात अकोल्याला गेलो. आलेख पुन्हा जमिनीला टेकला होता. एक्स-रेमध्ये तीच जागा, तसाच करकोचा. डॉक्टर म्हणाले, फुगा पुन्हा करता येतो, पण असं पुन्हा पुन्हा करत राहण्यात अर्थ नाही, आता ठिगळाचं ऑपरेशन करून घ्या. त्यांनी माझा गाल आतून बोट फिरवून तपासला. तंबाखू खात नाही हे ऐकून ते समाधानानं हसले. शाळेला सुट्ट्या लागल्यावरची तारीख मिळाली आहे. तोवर दर पंधरा दिवसांनी जायचं, आणि पूर्ण बंद पडली तर एक तासही थांबायचं नाही.

परवा बायकोच्या मोठ्या बहिणीचा फोन आला होता. सुट्टीत लेकीला घेऊन या म्हणत होती. मी आतल्या खोलीत वह्या तपासत होतो. बायको ओट्याजवळ उभी राहून बोलत होती. ती म्हणाली, "नाई जमत यंदा. यायच्या लघवीच्या नळीचं ऑपरेशन हाय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "लघवीच्या," ती आणखी मोठ्यानं म्हणाली. "होत नाई त्यायले. चार-पाच वर्षं झाले."

मुलगी तिथेच बसून अभ्यास करत होती. तिनं मान वर केली की नाही ते मला दिसलं नाही. फोन संपेपर्यंत मी खोलीतून बाहेर आलो नाही, आणि संपल्यावरही बराच वेळ आलो नाही.